कोंबडा आणि चांडाळ एका ओळीत

घोडबंदर रोडला आमच्या वस्तीच्या पाठीशी टॉवर उभा राहिला. वस्ती आधीची, टॉवर नंतरचा. आता टॉवरवाल्यांनी अर्ज केलाय की वस्तीतल्या कोंबड्या हटवा. कारणं तीन : आवाज, वास, रोग. माझ्या मायच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा ह्या अर्जात आरोपी आहेत. माय त्याच टॉवरमध्ये भांडी घासते. तिच्याकडून गावठी अंडी घेणाऱ्या बाईचीही अर्जावर सही आहे.

आधी अर्जातलं खरं तेवढं कबूल करतो. मी भिवंडीला प्रोसेस मिलमध्ये रातपाळी करतो. सकाळी कशेळीचा पूल ओलांडून घरी येतो, आडवा होतो आणि हा कोंबडा कानाशी बांग ठोकतो. मलाही त्याची मान मुरगळावीशी वाटते. खुराडं चार दिवस झाडलं नाही तर घाण वास येतो, तो पहिला आमच्याच नाकात जातो. रोगही खोटा नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला.

पण नवापूरच्या त्या मोठमोठ्या पोल्ट्र्या होत्या, एकेका शेडात हजारो पक्षी. आणि २०२१ च्या जानेवारीत ह्याच घोडबंदर रोडला बगळे मरून पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. बगळ्यांविरुद्ध कुणी सह्या गोळा केल्या नाहीत. टॉवरचा पाया खोदताना मशीन दिवसरात्र धडधडलं, तेव्हा आमची झोप कुठल्या अर्जात होती?

मग दुखणं कुठलं? मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडा. श्राद्धाला ब्राह्मण जेवत असताना कुणाची नजर पडू नये, त्याची यादी आहे. चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, विटाळशी बाई, नपुंसक. चांडाळ आणि कोंबडा एकाच ओळीत! पुढं लिहिलंय की कोंबड्याच्या पंखांच्या वाऱ्यानंसुद्धा अन्न बाटतं. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला हे पुस्तक जाळलं. पुस्तक जळलं, यादी शिल्लक राहिली. त्यातल्या कुत्र्याला तेवढी बढती मिळाली. तो आता लिफ्टनं वर जातो, सोफ्यावर झोपतो, रात्री दोनला भुंकतो. त्याच्यावर अर्ज नाही. कोंबडा आणि आपण अजून ओळीतच उभे.

कोंबड्याचं भांडण जगभर आहे. पुण्यात २०१९ साली एका बाईनं आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. त्याच साली फ्रान्समध्ये मोरिस नावाच्या कोंबड्यावर शेजाऱ्यांनी खटला भरला. कोर्टानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला. २०२१ साली तिथं गावाकडचे आवाज आणि वास जपायचा कायदाच झाला. तिथं आरवणं वारसा ठरतं, आमच्याकडं उपद्रव.

आता आपल्या माणसाचं बोलतो, कारण तेच जास्त झोंबतं. टॉवरमध्ये आपलाही एक दादा राहतो. कर्जाचा फ्लॅट, भिंतीवर बाबासाहेब. त्याचीही सही आहे. मला म्हणाला, "अरे, सुधारायचं की नाही आपण? बाबासाहेबांनीच मढं ओढणं सोडा म्हणून सांगितलं." दादा, सोडायला सांगितलं, कारण ती गावकीची गुलामी होती. मायच्या कोंबड्या ही तिच्या कष्टाची मिळकत आहे. महिन्याच्या शेवटी गॅस त्या अंड्यांवर येतो. ती मिळकत काढून घ्यायला सही करणं ही सुधारणा नव्हे. तू खालच्या मजल्यावरून वर गेलास आणि जाताना जिना ओढून घेतलास.

तेव्हा दोस्तहो, मोर्च्याआधी झाडू हातात घ्या. खुराडं रोज साफ करा, चुना टाका, मानमोडीची लस टोचा, रात्री कोंबड्या डालून ठेवा. दोन पक्षी एकदम मेले तर लपवू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा. त्यांच्या हातात खरं कारण देऊ नका. मग विचारा, नियम लेखी दाखवा. कोंबडीला लागू, तो कुत्र्याला, डीजेला, बिल्डरच्या मशीनलाही लागू करा. आज खुराडं हटवणारा उद्या खोली हटवायला येतो, हे विसरू नका.

माय म्हणते, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हण खरी आहे, माय. पण तांबडं फुटेल तेव्हा टोपलीखाली आपलं कोंबडं जितं पाहिजे.

जय भीम.