भाड्याची थार आणि आप्पांची पाणंद

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी अंगावर यायला नको. या लेखात ज्यांना शिव्या घातल्या आहेत त्यांत पहिला मी आहे. बाकीचे तिघे माझ्याच टीममधले. त्यांना वाचून दाखवूनच हे टाकतोय.

तर झालं असं. २०२५ ची दिवाळी संपली आणि हापिसात लगेच वीकांताचे बेत सुरू झाले. एकाला स्पितीला जायचं होतं, पण रजा शिल्लक नव्हती. दुसऱ्याने कुठेतरी चिखलात उडणाऱ्या थारचा व्हिडिओ पाहिला होता. तो म्हणाला, "तुझं गाव बालाघाटात आहे ना? डोंगर आहेत, रस्ते नाहीत. परफेक्ट!" खरं तर मला तेव्हाच राग यायला हवा होता. मी मात्र खूश झालो. माझ्या केजला कोणीतरी पहिल्यांदाच 'परफेक्ट' म्हणत होतं.

(केज माहीत नसणाऱ्यांसाठी: बीड जिल्ह्यातला तालुका. पुण्याहून नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, मग जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, नेकनूर आणि मग केज. एका बाजूला धारूरचा किल्ला आणि घाट, दुसऱ्या बाजूला मांजरा नदी आणि तिच्यावरचं धनेगावचं धरण. बीड जिल्ह्यातला बालाघाट नऊशे मीटरच्या वर कुठे जात नाही. त्यामुळे हिमालय वगैरे विसरा.)

गाडी भाड्याने घेतली, सेल्फ ड्राइव्ह. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सगळ्यांचं सारखंच असतं. जाहिरातीत गाडी चिखलात बरबटलेली, आणि करारात बारीक अक्षरात लिहिलेलं की ऑफरोडिंग केल्यास डिपॉझिट जप्त. मी सवयीप्रमाणे करार न वाचता 'आय ॲग्री' केलं. नंतर वाचला. त्यात क्लच, टायर, बंपर, आरसा, सीटवरचा डाग, उशिरा परत केल्याचा तास, सगळ्याला दर लावलेला होता. फक्त रस्ता कुठेच नव्हता. म्हणजे गाडीने रस्त्याचं काही वाईट केलं तर ते कोणाच्या खात्यावर पडणार, हा प्रश्न त्या करारात येतच नाही.

आमचं मूळ गाव केजपासून दहा-बारा किलोमीटर, धारूरच्या बाजूच्या डोंगरात. गावापासून शेताकडे जाणारी एक पाणंद आहे. लहानपणी पावसाळ्यात चपला हातात घेऊन मी त्या पाणंदीतून चाललोय, आणि प्रत्येक वेळी तिला शिव्या घातल्यात. आता त्याच चिखलात जायला मी दिवसाला साडेपाच हजार रुपये भरून आलो होतो. ह्याला म्हणतात प्रगती.

वर माळावर मुरमाड जमीन आहे, तिथे काही झालं नाही. खाली उतरलो आणि काळी लागली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. ओली असताना तिच्यावर जड चाक गेलं की खोल चाकोरी पडते, चाकोरीत पाणी साचतं, ते पाणी खालची माती आणखी मऊ करतं, आणि पुढचं चाक आणखी खोल जातं. शेवटी वाळते तेव्हा त्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक होऊन बसतात. आम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. मी त्याच मातीतला आहे. पण तिघांपैकी एक खाली उतरून मोबाइल धरून उभा होता आणि ओरडत होता, "चाकं फिरव, चाकं फिरव!" फोर बाय फोर लोमध्ये टाकून सावकाश गेलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण सावकाश गेलेल्या गाडीचा व्हिडिओ कोण बघणार? चिखल उडायला चाक जागच्या जागी फिरावं लागतं, आणि जागच्या जागी फिरणारं चाक म्हणजे खड्डा खणायचं यंत्र. त्या तीनशे-चारशे फुटांत आम्ही सहा वेळा वरखाली केलं.

बांधावर आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मी खाली उतरून पाया पडलो. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग चाकांच्या खाली पाहिलं, आणि म्हणाले, "गाडी लई भारी हाय रं बाबा. चहा घेऊन जा." बस, एवढंच. आम्ही चहा घेतला, फोटो काढले आणि अंबाजोगाईला मुक्कामाला गेलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला, तोही मी 'पोचलो' म्हणून केला तेव्हा. शेजाऱ्याची सोयाबीनची ट्रॉली आमच्या चाकोरीत बसली होती. चाळीस पोती डोक्यावरून वाहून पक्क्या सडकेपर्यंत न्यावी लागली. सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली तिच्यात तीच पाणंद वाहून गेली होती, आणि गावातल्या आठ-दहा घरांनी वर्गणी काढून, मुरमाचे टिपर आणून ती कशीबशी उभी केली होती. पावसातून वाचलेलं सोयाबीन तरी बाजारात जावं म्हणून. "आम्हाला आधी का नाही बोललात?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "तू लई दिसांनी आला होतास. पाव्हण्यांम्होरं काय बोलायचं?"

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात: प्रॉडक्शनवर टेस्टिंग करायचं नाही. कोणी फ्रेशर चालू सर्व्हरवर गंमत म्हणून काहीतरी रन करून बघायला लागला तर आपण त्याला फाडून खातो. पाणंद म्हणजे त्या गावाचा प्रॉडक्शन सर्व्हर आहे. त्याला बॅकअप नाही, दुसरी वाट नाही. बियाणं त्यावरून जातं, माल त्यावरून येतो, बाळंतीण त्यावरून दवाखान्यात जाते. आणि आपण शनिवारी येऊन त्यावर लोड टेस्ट घेतो, तीही दुसऱ्याच्या गाडीने. गाडी भाड्याची, वाट परक्याची. आपलं असं तिथे फक्त मनोरंजन असतं.

यावर जी उत्तरं मला मिळाली ती ठरलेली आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिलं: "ट्रॅक्टर काय रस्ता खराब करत नाही का?" करतो. भरलेली ट्रॉली थारपेक्षा कितीतरी जड असते आणि जास्तच खराब करते. पण ट्रॅक्टरवाला त्या वर्गणीत असतो. तो रस्ता मोडतो आणि तोच मुरूम टाकतो. तुम्ही कितव्या टिपरचे पैसे दिलेत?

दुसरं: "रस्ता सरकारी आहे, कोणाच्या बापाचा नाही." गाव नकाशा कधी उघडून पाहिलात? त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पाऊलवाट एका. शेताची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागतात. लोक त्या वाटेसाठी वर्षानुवर्षं भांडतात, भावाभावांत डोकी फुटतात. २०२१ मध्ये सरकारने 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' काढली, ती या वाटा नीट नाहीत म्हणूनच. जी वाट मिळवायला माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, ती 'कोणाची नाही' असं पुण्यात बसून वाटतं. तिथे उभं राहून नाही.

तिसरं: "पर्यटनाने गावाला पैसा मिळतो." डिझेल पुण्यात भरलं, खायचं पुण्यातून नेलं, मुक्काम अंबाजोगाईला केला. गावात आमचा एकूण खर्च साठ रुपये, बिस्किटांचे पुडे. चहा फुकट होता.

चौथं, आणि माझं लाडकं: "चाकोरीबाहेर जायला शिका." अरे, चाकोरी म्हणजे काय ते तरी माहीत आहे का? बैलगाडीच्या चाकाने पडलेली वाट. चाकोरीबाहेर जायचं म्हणून निघालो आणि दुसऱ्याच्या वाटेत आपलीच चाकोरी पाडून आलो.

हिमालयात हे सगळं आधी होऊन गेलंय. रोहतांगवर हरित लवादाच्या आदेशानंतर रोज ठराविकच पर्यटक गाड्यांना परवाना मिळतो. लडाखमध्ये बाहेरून आणलेली भाड्याची गाडी दिसली की तिथले टॅक्सीवाले अडवतात. २०२३ च्या डिसेंबरात लाहौल-स्पितीत एकाने ट्रॅफिक चुकवायला थार थेट चंद्रा नदीतून नेली, व्हिडिओ पसरला आणि पोलिसांनी दंड केला. तिथे निदान अडवणारं कोणीतरी आहे. आमच्याकडे आप्पा आहेत, आणि ते चहा देतात. थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. जाईल की. पण धनेगावच्या धरणाच्या काठाने गाडी पाण्यात घालणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की ते पाणी लातूरपर्यंतचे लोक पितात. २०१६ मध्ये ते धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

आणि एक शेवटचं. आम्ही परत निघालो त्या संध्याकाळी त्याच पाणंदीतून ट्रॅक्टर बाहेर पडत होता. दोन ट्रॉल्या, वर संसार: भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. ऊसतोडीला निघालेले कोयते. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली, आता पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. त्यांच्या ट्रॉलीला जे हादरे बसत होते तेच हादरे आम्ही पैसे देऊन विकत घेतले होते. आम्ही त्यांना हात केला. पोरांनीही हात केला. तो फोटो कोणीतरी स्टेटसला टाकला, खाली लिहिलं: 'रॉ इंडिया'. तो काढायला लावलाय.

फिरू नका असं म्हणत नाही. फिराच. पण ओल असेल तर काळ्या मातीत गाडी घालू नका. पाणंदीत शिरण्याआधी गावात विचारा, आणि "काही हरकत नाही" हे उत्तर लगेच खरं धरू नका. डोंगर बघायचाच असेल तर तिथलीच जीप ड्रायव्हरसकट करा. कुठे घालायची नाही हे त्याला माहीत असतं. आणि भाड्याने गाड्या देणाऱ्यांनो, करारात आरशाचा दर लिहिता तसा मुरमाच्या टिपरचाही लिहा.

आमच्या डिपॉझिटमधून धुलाईचे आणि एका ओरखड्याचे पैसे कापले गेले. पाणंदीचे कोणी मागितले नाहीत. मी आप्पांना पाठवले तर त्यांनी परत केले. म्हणाले, "पैशाचं राहू दे. आम्ही मुरूम आणतो, तू पसरायला ये."

तर पुढच्या शनिवारी जातोय. एस.टी.ने. तिघांना निरोप दिलाय, दोघं हो म्हणालेत. आणखी कोणाला यायचं असेल तर या. फावडी गावात आहेत.