पेठेत दुकान राहो, बिऱ्हाडही राहो

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी व्यापारी पेढीवर वहीपूजन करतो आणि त्याच वास्तूत गृहिणी देवापुढे समई लावते. खाली दुकान, वर बिऱ्हाड, ही आपल्या जुन्या पेठांची रचना. धंदा आणि संसार यांना तिने एकाच छपराखाली नांदविले. गिरणाकाठच्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावी मध्यवस्तीत कोणत्या वापरास मुभा द्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ नगररचनाकाराचा नव्हे. तो तेथील प्रत्येक कुटुंबाचा आहे.

भर पेठेतील जागेला घरापेक्षा दुकान म्हणून अधिक मोल येते. त्यामुळे जुना वाडा उतरला की त्या जागी गाळे उभे राहतात आणि कुटुंब गावाबाहेरच्या वसाहतीत जाते. दिवसा गजबजलेली अशी पेठ रात्री निर्मनुष्य होते. तेथील मंदिराच्या काकड आरतीला मग कोणी यावे? उलटपक्षी, व्यापार हटवून केवळ वस्ती राखावी, तर पेठेचे पोटच मारले जाते.

खानदेशास या बाबतीत जुना धडा आहे. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा व्यापाऱ्यांना वसण्यास उत्तेजन देण्यात आले. घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे बांधण्यास आगाऊ रकमाही दिल्या. व्यापार वाढवावयाचा, तर माणसे तेथे राहिली पाहिजेत, हे त्या काळीही ओळखले गेले होते.

मात्र सारेच वापर शेजारी नांदू शकत नाहीत. फटाक्यांचेच पाहा. 2008 च्या स्फोटक नियमांनुसार तात्पुरत्या विक्रीच्या शेडमध्ये परस्परांत किमान 3 मीटर आणि संरक्षित वास्तूंपासून 50 मीटर अंतर हवे. चिंचोळ्या गल्लीत हे साधणे कठीण. त्यांची जागा मोकळ्या मैदानातच. ज्वालाग्राही मालाची गोदामे आणि अवजड मालमोटारींची चढउतार यांनाही हाच न्याय लावावा.

पणत्या, केरसुण्या, झेंडूची फुले विकणाऱ्यांचाही पेठेवर हक्क आहे. त्यांच्यावाचून आपले लक्ष्मीपूजन होत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून घेण्याची तरतूद केली आहे. त्यांना हुसकावण्याऐवजी आराखड्यातच त्यांची जागा आखावी, हे आम्हांस उचित वाटते.

कायद्याची वाट मोकळी आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने रस्त्याची रुंदी पाहून निवासी भागात दुकानांना वाव ठेवला आहे. 1966 च्या नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. बहुतेक घरांना नकाशाची आठवण होते ती आरक्षण आपल्या दारात आल्यावर. तोवर मुदत सरलेली असते.

वहीपूजनात आपण पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो. शुभ आधी, लाभ नंतर, हा क्रम पूर्वजांनी घालून दिला. पेठेचा नकाशा तपासतानाही आपण तोच क्रम पाळावा. तळमजल्यावर दुकान अवश्य असो. पण वरच्या मजल्यावर बिऱ्हाडाची तरतूद राखावी, अशी लेखी सूचना प्रत्येक घराने मुदतीत द्यावी.