दीर्घ मालिकांच्या कलेची दखल



यंदाच्या अंकाचा मध्यवर्ती विषय आहे गुन्हा आणि शोध. दिवाळी अंक आणि रहस्यकथा यांचं नातं जुनं आहे. ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ यांसारख्या अंकांनी ते निष्ठेनं जपलं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले, आणि पुस्तकाला कधी हात न लावणारी माणसं फिरत्या वाचनालयांची वर्गणीदार झाली. तरीही साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद अर्नाळकरांच्या वाट्याला आलं नाही, आणि समीक्षेच्या ग्रंथांत त्यांना मिळालेली जागाही तोकडीच. वाचकांनी डोक्यावर घ्यायचं आणि जाणत्यांनी दखल घ्यायची नाही, ही रीत मराठीला नवी नाही. आज हीच रीत टीव्हीवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गुन्हेमालिकांच्या बाबतीत चालू आहे. ती बदलली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. ‘सीआयडी’ ही मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. वीस वर्षं, १,५४७ भाग. डिसेंबर २०२४मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मालिका हिंदी असली तरी तिची मुळं मुंबईच्या मराठी दूरदर्शनमध्ये आहेत. मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन म्हणून काम केलेल्या बी. पी. सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका केली होती. तिच्यात शिवाजी साटम होते. पुढे या दोघांच्या जोडीतून ‘सीआयडी’ आणि तिच्यातला एसीपी प्रद्युम्न उभा राहिला. बँकेत नोकरी करत, आंतरबँक नाट्यस्पर्धांतून पुढे आलेला हा नट देशाच्या कानाकोपऱ्यात ‘एसीपी साहेब’ झाला.

या वीस वर्षांत मालिकेला पुरस्कार मिळाले का? मिळाले, पण बहुधा ‘थ्रिलर’ नावाच्या वेगळ्या रकान्यात. सर्वोत्कृष्ट मालिका, सर्वोत्कृष्ट अभिनेता हे मानाचे किताब प्रामुख्यानं कौटुंबिक मालिकांकडे जात राहिले. २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं साटम यांना चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला, तेव्हा आम्हांलाही मनापासून आनंद झाला. त्यांचं चित्रपटांतलं काम त्या सन्मानाला पात्र आहेच; ‘वास्तव’मधला हतबल बाप कोण विसरेल? पण हा पुरस्कार चित्रपटसेवेचा आहे. ज्या कामानं हा माणूस कोट्यवधी घरांत पोचला, त्या कामाला त्याच तोलाचा सन्मान देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत टीव्ही मालिकांना जागा नाही. वाहिन्यांचे स्वतःचे सोहळे असतात. तिथे स्पर्धाही आपल्याच वाहिनीच्या मालिकांमध्ये असते.

गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात मात्र २०२३पासून सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार सुरू झाला. पहिल्या वर्षी ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला तो मिळाला आणि २०२४मध्ये आपल्या ‘लंपन’ला. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची मराठी मालिका तिथे सन्मानित झाली, याचा अभिमान वाटतो. म्हणजे छोट्या पडद्यावरची मालिका ही पुरस्कारयोग्य कलाकृती असू शकते, हे सरकारनंही मान्य केलं आहे. मग तीच मालिका वेबऐवजी वाहिनीवर दिसली आणि आठ भागांऐवजी आठशे भाग चालली, की ती कलेच्या कक्षेबाहेर कशी जाते?

गुन्हेकथा हा प्रकारच हलका मानतात म्हणून असं होतं, असं अर्नाळकरांकडे पाहून वाटेल. पण आता ते कारण पुरेसं नाही. ‘दिल्ली क्राइम’ला २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळाला, तोही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा. तिचं पहिलं पर्व सात भागांचं होतं. गुन्हेकथेला दारं उघडली आहेत. अडचण लांबीची आहे. परीक्षकांना सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली, एका बैठकीत पाहून होईल अशी कृती हाती लागते. वर्षानुवर्षं चालणारी मालिका त्या चौकटीत मावत नाही. पहिल्या एकदोन वर्षांत बक्षीस मिळालं तर मिळालं. पुढे ती गृहीत धरली जाते.

अमेरिकेतही हेच घडलं. ‘लॉ अँड ऑर्डर’ १९९०मध्ये सुरू झाली. १९९२पासून सलग अकरा वर्षं तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं एमी नामांकन होतं आणि १९९७मध्ये तिनं तो पुरस्कार पटकावलाही. तिची धाकटी बहीण ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ १९९९पासून आजतागायत चालू आहे. अमेरिकेच्या प्राइमटाइमवर प्रत्यक्ष नटांनी साकारलेली इतकी दीर्घ मालिका दुसरी नाही. पण सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेच्या एमीसाठी तिला आजवर साधं नामांकनही मिळालेलं नाही.

याच मालिकेच्या पुरस्कारांची यादी पाहिली, की दुर्लक्षाचं खरं कारण हाती लागतं. २००५ ते २०१० या सहा वर्षांत पाहुण्या अभिनेत्रीचा एमी पाच वेळा या एकाच मालिकेत काम केलेल्या अभिनेत्रींना मिळाला : अमांडा प्लमर, लेस्ली कॅरन, सिंथिया निक्सन, एलन बर्स्टिन आणि अ‍ॅन-मार्गरेट. प्रत्येकीचं काम एका भागापुरतं. मालिकेचा भार इतकी वर्षं वाहणाऱ्या मारिस्का हार्गिटेला मुख्य भूमिकेचा एमी मिळाला तो एकदाच, २००६मध्ये.

या पाचही अभिनेत्री थोर आहेत. त्यांच्या यशाबद्दल तक्रार असायचं कारण नाही. पण गुन्हेमालिकेच्या प्रसंगाची बांधणी पाहा. पीडित किंवा आरोपी कोसळतो, रडतो, कबुली देतो. समोर बसलेला तपास अधिकारी ऐकतो. रडणाऱ्याचा प्रसंग लगेच डोळ्यांत भरतो. ऐकणाऱ्याचं काम नजरेतून सुटतं. प्रत्यक्षात तो प्रसंग उभा राहतो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. किती वेळ गप्प राहायचं, प्रश्न कुठे टाकायचा, सहानुभूती आणि संशय एकाच नजरेत कसा ठेवायचा, हे सगळं त्याला सांभाळावं लागतं. शिवाय पुढच्या आठवड्यात समोर नवा पाहुणा असतो आणि तोच प्रश्न पहिल्यांदा विचारल्यासारखा विचारायचा असतो. नाटकाचा शंभरावा प्रयोग पहिल्या प्रयोगाच्या ताजेपणानं करणाऱ्या नटाचं कौतुक मराठी रसिक जाणतो. दीर्घ मालिकेतला नट तर शंभर वेगवेगळ्या संहितांत एकच माणूस ताजा ठेवत असतो. आदित्य श्रीवास्तव ‘सत्या’, ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये दिसले की जाणकार त्यांच्याविषयी भरभरून बोलतात; त्याच नटानं ‘सीआयडी’त साकारलेल्या अभिजीतविषयी कुणी चार ओळी लिहीत नाही.

दखल उशिरा घेतली, की ती माणसापर्यंत पोचतच नाही. जेरी ऑरबाक हे ब्रॉडवेचे नावाजलेले नट. त्यांनी ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये बारा वर्षं लेनी ब्रिस्को रंगवला, त्यासाठी एमीचं एक नामांकन मिळालं, पुरस्कार नाही. डिसेंबर २००४मध्ये ते गेले. काही आठवड्यांतच स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डनं त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दिला, मरणोत्तर. आपल्याकडे ‘सीआयडी’तले फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, डिसेंबर २०२३मध्ये गेले. रक्तबंबाळ कथानकात हलकंफुलकं हसू वर्षानुवर्षं टिकवणं किती कठीण असतं, हे त्यांच्या हयातीत कुणी नीट मांडलं?

आता लेखन-दिग्दर्शनाकडे वळू. चाळीसेक मिनिटांत प्रेत सापडायला हवं, चारपाच संशयित उभे राहायला हवेत, एक चुकीचा माग लागून तो विझायला हवा, प्रयोगशाळेतून एखादा दुवा मिळायला हवा आणि उकल अशी हवी की प्रेक्षकानं म्हणावं, ‘हे तर आपल्या डोळ्यांसमोरच होतं!’ प्रत्येक जाहिरातीआधी एक प्रश्न अधांतरी सोडायचा. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. अशा शिस्तीत हात घडतो. सुरुवातीची वर्षं ‘सीआयडी’ लिहिणारे श्रीधर राघवन पुढे ‘वॉर’, ‘पठाण’चे पटकथाकार झाले, रजत अरोराही याच मालिकेच्या लेखनातून चित्रपटांकडे गेले. हिंदी चित्रपटसृष्टी ज्यांच्या पटकथांवर कोट्यवधी कमावते, त्यांची तालीम कुठे झाली हे सांगताना मात्र टीव्हीचं नाव घाईघाईनं उरकलं जातं.

आणि ज्यांना वाटतं की मालिका म्हणजे नुसता रतीब, त्यांनी २००४ सालचा ‘सीआयडी’चा एक भाग आठवावा. १११ मिनिटांचा तो विशेष भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाला. कुठेही कट नाही. त्याची नोंद लिम्का आणि गिनेस या दोन्ही विक्रमग्रंथांत झाली. विक्रम बाजूला ठेवू. काम काय होतं ते पाहू. कॅमेरा एका खोलीतून दुसरीत जाणार, म्हणजे दिवे आधीच लपवलेले हवेत. माइक धरणाऱ्यानं कॅमेऱ्याच्या पाठीशी राहून सगळी वाट चालायची. ज्याचा प्रसंग संपला त्यानं आवाज न करता बाजूला व्हायचं. शंभराव्या मिनिटाला कुणी वाक्य विसरलं, तर पुन्हा पहिल्यापासून. संकलनाचा आधार नाही. एकमेकांच्या हालचाली पाठ झालेल्या चमूलाच हे जमतं, आणि असा चमू सहा वर्षं रोज एकत्र काम केल्याशिवाय तयार होत नाही. हे कसब दीर्घ मालिकेच्या पोटातूनच जन्माला आलं. एखाद्या चित्रपटानं हे केलं असतं, तर चित्रपट अभ्यासक्रमांत त्याचे धडे झाले असते.

विरोधी बाजूचं म्हणणं आम्ही नाकारत नाही. दीड हजार भागांत कच्चे भाग खूप असणार, आहेतच. दार तोडणं, मिनिटभरात लागणारे फॉरेन्सिक निष्कर्ष, एका थपडेत मिळणारी कबुली यांची टिंगल समाजमाध्यमांवर चालते आणि त्यातली थपडेची बाब टिंगलीवर सोडून देण्याजोगी नाही. पोलीस कोठडीतल्या मारहाणीकडे समाज कसा पाहतो, यावर अशा दृश्यांचा परिणाम होतो. खरा तपास महिनोन् महिने चालतो, न्यायवैद्यक अहवालांची वाट पाहावी लागते, खटला त्याहून लांबतो; मालिकेत हे दिसत नाही. केवळ आयुष्य मोठं म्हणून कुणालाही पुरस्कार मिळू नये, आणि लोकप्रियतेचं मोजमाप टीआरपी करतोच.

पण म्हणूनच गंभीर पुरस्कारांची गरज आहे. पुरस्कारामागे परीक्षण असतं, परीक्षणामागे चर्चा, आणि चर्चेतून निकष तयार होतात. ज्या कामाकडे कुणी गांभीर्यानं पाहतच नाही, त्याला दोषही कुणी नीट दाखवत नाही. ‘तपासाचं चित्रण जबाबदार आहे का?’ हा निकष परीक्षकांसमोर असता, तर त्या थपडेवर लेखकांच्या खोलीतच वाद झाला असता.

वाट जर्मनीनं दाखवली आहे. तिथली ‘टाटोर्ट’ ही गुन्हेमालिका १९७०पासून चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला देश टीव्हीपुढे बसतो. वेगवेगळ्या शहरांतली पथकं आलटून पालटून येतात. भागांची संख्या हजाराच्या पुढे कधीच गेली. तिथे टीव्हीसाठी ग्रिम्मे पुरस्कार आहे आणि ‘टाटोर्ट’च्या निवडक भागांना तो स्वतंत्र कलाकृती म्हणून मिळालेला आहे. सगळी मालिका तराजूत घालायची गरजच नाही. एक भाग घ्या आणि त्याची कथा, दिग्दर्शन, अभिनय पारखा. कच्चे भाग आपोआप बाजूला पडतात आणि उत्तम भागाचं श्रेय त्याच्या लेखक-दिग्दर्शकाला मिळतं.

आपल्या मातीतही पारखण्याजोगं काम कमी नाही. रमेश भाटकरांचा ‘हॅलो इन्स्पेक्टर’, प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’, ‘लक्ष्य’, मुक्ता बर्वेंची ‘रुद्रम’, वाईच्या हत्याकांडावर बेतलेली ‘देवमाणूस’... या मालिकांवर पत्रकारांनी बातम्या लिहिल्या. त्यांच्या कलेवर किती लेख निघाले?

म्हणून आमची मागणी चार गोष्टींची आहे. इफ्फीनं वेब मालिकांसाठी उघडलेलं दार वाहिन्यांवरच्या मालिकांसाठीही उघडावं आणि तिथे एका भागाला स्वतंत्र पुरस्कार असावा. राज्य शासनानं मराठी चित्रपटांना जो मान दिला, तो मराठी मालिकांच्या लेखकांना आणि तंत्रज्ञांनाही द्यावा. परीक्षक मंडळावर वाहिन्यांची माणसं नसावीत. आणि पाच वर्षांहून अधिक काळ एक भूमिका सकसपणे निभावणाऱ्या कलावंतासाठी स्वतंत्र सन्मान असावा, जो त्याच्या हयातीत मिळेल.

समीक्षेचं काम मात्र सरकारवर ढकलता येणार नाही. ते आमच्यासारख्या नियतकालिकांचं आहे. त्याची सुरुवात या अंकापासून करतो आहोत. गुन्हेमालिकांचे लेखक, संकलक आणि कलावंत यांच्या कामाची चिकित्सा करणारा विभाग आपल्याला पुढच्या पानांवर भेटेल. तो वाचा, त्यातल्या मतांशी भांडा आणि आपल्या मनात घर केलेल्या एखाद्या भागाविषयी आम्हांला सविस्तर लिहा. निवडक पत्रं आम्ही पुढच्या वर्षीच्या अंकात छापू.