ग्राहक म्हणतो 'चांगलं द्या', तुम्ही वहीत काय लिहिता?



प्रोसेसिंग युनिट सुरू करायचं म्हणून जे लोक भेटतात, त्यांचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. मशीन कुठलं घेऊ? सबसिडी किती मिळेल? ब्रँडचं नाव काय ठेवू? 'हा माल नक्की कोण घेणार आणि कशासाठी घेणार' हा प्रश्न चौथा किंवा पाचवाही नसतो. तो बहुतेक वेळा मलाच विचारावा लागतो, आणि उत्तर येतं, "सर, चांगला माल असला की लोक घेतातच की."

माझं मत स्पष्ट आहे. मशीनचं कोटेशन सगळ्यात शेवटी घ्यायचं. त्याआधी एका पानावर तुमच्या प्रॉडक्टची व्याख्या लिहून झाली पाहिजे. ते पान नसेल, तर बँकेची पायरी चढू नका.

हे कडक वाटेल, पण हिशोब बघा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगलीच आहे. पण उरलेले 65 टक्के तुमचे आणि बँकेचे आहेत. मशीन धूळ खात पडलं तरी हप्ता चालूच राहतो. आणि प्रकल्प अहवालात मशीनच्या माहितीला चार पानं असतात, ग्राहकाला एक ओळ: 'परिसरात मोठी मागणी आहे.'

गरज वेगळी, व्याख्या वेगळी

ग्राहक विशेषणात बोलतो. चांगलं, ताजं, घरगुती, टिकाऊ, परवडणारं. त्यात त्याची चूक नाही, त्याचं काम तेवढंच. पण 'चांगलं' हा शब्द मशीनवाल्याला कळत नाही, पॅकिंगवाल्याला कळत नाही आणि तुमच्याकडं कामाला येणाऱ्या ताईंनाही कळत नाही. त्यांना ग्रॅम कळतात, मिलिमीटर कळतात, दिवस कळतात, रुपये कळतात. विशेषणाचं आकड्यात भाषांतर करणं हे तुमचं काम आहे, आणि धंद्यातलं पहिलं काम तेच आहे.

आपल्या तालुक्यातलंच उदाहरण: बार्शी लाईट

याचं सगळ्यात भारी उदाहरण शोधायला लांब जायला नको. ते कुर्डुवाडीत आहे.

बार्शी ही कापसाची मोठी बाजारपेठ. मुंबईला जाणारी मोठी रेल्वे मात्र कुर्डुवाडीवरून जायची, त्या स्टेशनला तेव्हा 'बार्शी रोड' म्हणायचे. मधलं पस्तीसेक किलोमीटरचं अंतर बैलगाडीनं. लोकांची मागणी काय? 'आम्हाला रेल्वे पाहिजे.' ही झाली ग्राहकाची भाषा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं या मागणीचं काय केलं बघा. मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल काढली असती तर खर्च निघाला नसता, कारण एका गावाचा माल तो केवढा असणार? म्हणजे खरी गरज 'रेल्वे' ही नव्हतीच. खरी गरज होती कमी मालावरही परवडेल अशी वाहतूक. परवडायचं तर रूळ हलका पाहिजे. रूळ हलका, तर त्याच्यावर येणारं वजनही कमी पाहिजे. मग त्यानं एक आकडा पक्का केला: इंजिन असो की डबा, कुठल्याही एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. त्यामुळं यार्डाला 30 पौंडांचा हलका रूळ चालला. गेज ठरला अडीच फूट. मालडब्यांचे सांगाडे एकाच मापाचे, 25 फुटांचे. आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीला या आकड्यात बसेल असं इंजिन करावं लागलं.

क्रम लक्षात घ्या. आपल्याकडं आधी मशीन येतं आणि मग त्या मशीनमधून काय निघेल ते विकायचं. त्यानं आधी आकडा ठरवला आणि मशीन त्या आकड्यात बसवून घेतलं. इकडं पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ टाकून गाड्या चालवून दाखवल्या. 1897 साली लाईन सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. व्याख्या पक्की होती म्हणून धंदा वाढवता आला.

आता दुसरी बाजूही सांगतो. गेज वेगळा असल्यामुळं कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागायचा. हा तोटा होताच. पण स्वस्त रूळ पाहिजे असेल तर हे सोसावं लागणार होतं. प्रत्येक व्याख्येत काहीतरी सोडावं लागतं. पुढं काळ बदलला, गरज बदलली आणि ही लाईन ब्रॉडगेज झाली. व्याख्येलाही एक्सपायरी डेट असते.

आता कडक भाकरीवर येऊ

रेल्वे मोठी गोष्ट झाली. आपण ज्वारीची कडक भाकरी घेऊ. सोलापूरची ओळख आहे आणि आपल्याकडं बरेच बचत गट ती करतात.

पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकाला "अशी भाकरी काढली तर घ्याल का?" असं विचारूच नका. आपल्याकडं कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "घेऊ की!" म्हणतील. 'घेऊ की' म्हणजे ऑर्डर नव्हे, तो पाहुणचार आहे. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. मागच्या वेळी कडक भाकरी कधी घेतली? कुणासाठी? किती? किती दिवसांत संपली? उरलेल्याचं काय केलं? भविष्याबद्दल माणूस गोड बोलतो, भूतकाळाबद्दल खरं बोलतो.

समजा असं कळलं की घेणाऱ्या बऱ्याच जणी आया आहेत आणि खाणारी मुलं पुण्यात होस्टेलवर आहेत. तक्रारी दोन: "पोचेपर्यंत चुरा होतो" आणि "पाकीट फोडलं की मऊ पडते." आता भाषांतर करा.

पहिली तक्रार: चुरा होतो. का? एसटीत सॅकमध्ये, कपड्यांच्या खाली दबून जाते. व्याख्या: 10 भाकरींच्या पाकिटात एकापेक्षा जास्त मोडलेली चालणार नाही. तपासणी: पाच पाकिटं खरंच सॅकमध्ये भरून पुण्याला पाठवा आणि तिथं उघडून मोजा.

दुसरी तक्रार: मऊ पडते. का? मुलगा एका वेळी दोन खातो, पाकीट आठवडाभर उघडं राहतं. व्याख्या: आत दोन-दोन भाकरींची वेगळी बंद पाकिटं. तपासणी: पावसाळ्यात, उन्हाळ्यात नाही.

बघा, दोन्ही तक्रारींत भाकरीच्या चवीचा विषयच नाही. आपण मात्र चव सुधारत बसलो असतो किंवा भाकरी थापायचं मोठं मशीन घेतलं असतं. इथं पहिला पैसा पॅकिंगवर जायला पाहिजे. पान लिहिलं म्हणून हे कळलं.

याच पानावर आणखी तीन ओळी हव्यात. किंमत: आईला किती रुपयांपर्यंत जड वाटत नाही, आणि त्यातून दुकानदाराचं मार्जिन, पॅकिंग, मजुरी वजा जाता तुम्हाला काय उरतं. कायदा: एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख पाकिटावर कुठं बसणार. आणि तिसरी, सगळ्यात अवघड ओळ: आपण काय करणार नाही. एक म्हणेल तीळ घाला, एक म्हणेल बाजरीची काढा, एक म्हणेल मसाला फ्लेवर आणा. सगळ्यांना हो म्हटलं की सहा प्रकार होतात आणि एकही धड विकला जात नाही.

"आपण छोटे, आपल्याला कशाला एवढं?"

हा प्रश्न नेहमी येतो. माझं उत्तर उलट आहे. मोठ्या कंपनीचे दहा प्रॉडक्ट फसले तरी अकराव्याला पैसे असतात. आपल्याकडं पहिले पन्नास हजार कुणाच्या तरी मंगळसूत्रावरचे किंवा ऊसबिलाचे असतात. दुसरी संधी नसते. म्हणून कागदावर चूक करणं छोट्यालाच जास्त गरजेचं आहे, कारण कागद स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप असा की ग्राहकालाच माहीत नसतं त्याला काय पाहिजे. बरोबर आहे, त्याला उपाय माहीत नसतो. पण अडचण पक्की माहीत असते. उपाय त्याच्याकडून मागू नका, अडचण मागा. मी दुकानात गल्ल्याजवळ एक वही ठेवतो. रिकाम्या हातानं परत गेलेल्या गिऱ्हाईकानं काय मागितलं होतं, ते त्याच्याच शब्दांत त्यात लिहायचं. विक्रीच्या रजिस्टरपेक्षा ही वही जास्त शिकवते. रजिस्टर फक्त विकलं गेलेलं सांगतं.

या आठवड्याचा होमवर्क

दहा ग्राहकांशी बोला. तुमचं प्रॉडक्ट काय आहे ते सांगू नका, फक्त मागच्या वेळेचं विचारा. मग एका पानावर चार रकाने आखा: ग्राहकाचे शब्द, खरी अडचण, आपला आकडा, तपासणी कशी करणार. ज्या ओळीत आकडा येत नाही ती ओळ अजून कच्ची आहे असं समजा आणि पुन्हा ग्राहकाकडं जा.

पान भरलं की मगच मशीनवाल्याला फोन करा. तेव्हा तो तुम्हाला "कुठलं मॉडेल दाखवू?" असं विचारणार नाही. तुम्हीच त्याला आकडे सांगाल, आणि त्यात बसेल ते त्यानं दाखवायचं.