दुधाच्या हिशेबाशेजारी एक टिंब

१७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या काळात केंद्र सरकारने ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान देशभर राबवलं. आमच्याकडेही शिबिर झालं. बचत गटाच्या बायकांना घेऊन मी गेले होते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन... सगळ्या हौसेने रांगेत. स्तनांच्या तपासणीची वेळ आली आणि रांग विरघळली! कुणाला भात टाकायचा होता, कुणाची मुलं शाळेतून यायची होती.

परतताना एकजण हळूच म्हणाली, “ताई, माझं महिन्यातले आठ दिवस दुखतं हो. कॅन्सर निघाला तर? त्यापेक्षा न तपासलेलं बरं.” दुसरी म्हणाली, “माझ्या हाताला गाठ लागते, पण दुखत नाही. म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.”

मैत्रिणींनो, दोघींचंही गणित नेमकं उलटं होतं. नुसतं दुखणं हे सहसा कर्करोगाचं लक्षण नसतं. उलट सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होणं, काखेपर्यंत ठणकणं आणि पाळी सुरू झाली की उतरणं, हा संप्रेरकांच्या चढउताराचा खेळ. एकाच जागी, पाळीशी संबंध नसताना दुखत असेल, तर कारण वेगळं शोधावं लागतं. कधी ते स्तनात नसतंच. हंडे उचलून, कपडे पिळून छातीचे स्नायू किंवा बरगड्या दुखतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला लाली, ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो.

पण हे डॉक्टरांना कळणार कसं? आपण ‘स्तन’ हा शब्दच उच्चारत नाही. “छातीत दुखतंय” म्हणतो आणि ईसीजी काढून घरी येतो. “कधीपासून?” विचारलं, की “असंच, अधूनमधून.”

म्हणून मी पहिलीला एक युक्ती सांगितली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितोच ना आपण? त्याच चौकोनात टिंब द्यायचं. थोडं दुखलं तर एक, कामात अडलं तर दोन, झोप उडाली तर तीन. पाळीच्या दिवसाला गोल. डावी-उजवी बाजू आणि चालू गोळ्या वहीत. घरात कुणाला काही कळायचं नाही! तीन महिन्यांनी तिची टिंबं दर वेळी गोलाच्या आधी दाटलेली दिसली. डॉक्टरांनी तपासून, मापाची, आधार देणारी ब्रेसियर घालायला सांगितली. भीती गेली, तसं निम्मं दुखणंही गेलं म्हणते.

मात्र गाठ, कातडीवर खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून रक्त किंवा काखेत गाठ दिसली, तर टिंबं मांडत बसू नये, लगेच जावं. छातीत दडपून घाम फुटला, तर तो हृदयाचा प्रश्न समजून तडक दवाखाना गाठावा.

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांवर दगावल्या. तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती साध्या हातांनी होते, म्हणून नाक मुरडू नका. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तेवढा फरक दिसला नाही, पण रोग लवकर सापडला.

मग अडतं कुठे? शिबिरात “गाठ आहे का?” एवढंच विचारतात. “दुखतं का?” असं विचारलं, तर बाई बोलती होईल. पडद्याआड एक आरोग्यसेविका आणि बोलायला पाच मिनिटं, एवढं जरी केलं तरी रांग विरघळणार नाही.

त्या दुसरीला आम्ही दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी नेलं. तिचे उपचार सुरू आहेत. “दुखलं असतं तर आधीच आले असते गं ताई,” असं ती म्हणाली, ते अजून कानात आहे.