रोजगार मेळाव्यांतील मुलाखतींत कोड असलेल्या उमेदवारांना मिळणाऱ्या वागणुकीबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
पुणे विभाग, पुणे.

महोदय,

सातारा व सांगली जिल्ह्यांतील, अंगावर कोड असलेले आम्ही उमेदवार आणि आमचे पालक हे निवेदन सादर करीत आहोत. याच विषयावरचे आमचे आधीचे अर्ज संबंधित कार्यालयात पोच होऊन पडले आहेत. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ एवढे उत्तर मिळाले. कार्यवाही काय झाली असे विचारले की ‘वरून आदेश नाहीत’ म्हणतात. म्हणून वर आलो आहोत.

नियम आपणास ठाऊक आहेत, ते येथे उतरवीत नाही. कोड स्पर्शाने होत नाही, त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते, हेही आपण जाणता. तरी मेळाव्याच्या मांडवात, शासनाच्या फलकाखाली बसून कंपन्यांचे मुलाखतकार विचारतात काय? हे काय झालंय? घरात आणखी कोणाला आहे? वाढतं का? मुलगी असेल तर लग्नाचं काय? शिक्षणाची पाळी येईतो पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारलेले असते.

तासगावकडच्या एका मुलीचे उदाहरण देतो. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, जागा खाद्यप्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेतली. तिच्या ओठांभोवती आणि बोटांवर डाग आहेत. मुलाखतकाराने प्रमाणपत्रांना हातही न लावता ‘हे लागण होणारं आहे का’ असे विचारले. जिने जंतूंचाच अभ्यास केला तिने ते नीट समजावून सांगितले. त्यावर उत्तर आले, ‘तुमचं बरोबर आहे हो, पण गिऱ्हाईक बघतं ना.’ प्रयोगशाळेत कोणते गिऱ्हाईक येते, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही. पुढे तिला संसर्ग नसल्याचा दाखला आणायला सांगितले. सिव्हिलमधून दाखला मिळेपर्यंत जागा भरली होती. पुढच्या मेळाव्यात तोच दाखला जुना ठरला. आता ती मुलाखतीला जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, बोटांना रंग लावते; उन्हाळ्यात मांडवात घाम येतो आणि रंग उतरतो. हे तिने का करावे?

यावर संबंधित कार्यालयाने आम्हाला तोंडी शब्द दिला होता की मेळाव्याच्या सूचनापत्रात ‘त्वचेविषयी प्रश्न विचारू नयेत’ अशी एक ओळ घालू. त्यानंतरही मेळावे झाले, ओळ आली नाही. मुलाखतीच्या टेबलांजवळ एक अधिकारी फिरता ठेवू, असेही कबूल केले होते. तो उद्घाटनाला व्यासपीठावर असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत कोड नाही. ते असावे असेही आमचे म्हणणे नाही. आमचे हातपाय धड आहेत. पण दिव्यांग कक्ष म्हणतो तुम्ही आमच्यात बसत नाही, आणि कंपनी म्हणते तुम्ही आमच्यात शोभत नाही.

तरी सूचनापत्रात ती ओळ लेखी यावी आणि ती मोडणाऱ्या कंपनीला पुढच्या मेळाव्यास बोलावू नये. वैद्यकीय तपासणी निवड झाल्यावरच व्हावी, आणि ती सर्वांची व्हावी. शासकीय रुग्णालयाचा दाखला एकदा दिला की तो कायम धरावा. ऑनलाइन नोंदणीत फोटोची सक्ती नसावी. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मांडवात लावावे.

कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी माहितीसत्र घेण्याचे तर २५ जूनच्या जागतिक कोड दिनी ठरले होते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची श्वेता असोसिएशन हे काम कधीची करते आहे. २००६ साली कोड असलेल्या तरुण डॉक्टरवरचा ‘नितळ’ चित्रपटही येऊन गेला. बोलावणारे कोणी असेल तर सांगणारे आहेत. पण कोड दिन हारतुऱ्यांत गेला.

पुढील मेळाव्याची जाहिरात निघण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर आमच्याकडे आधीच आहे.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील कोड असलेले उमेदवार व पालक

सोबत : यापूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या छायाप्रती.
प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, सातारा, मा. जिल्हाधिकारी, सांगली.