अरण्याच्या दारात उभा नागरिक

गेल्या हिवाळ्यात मध्य भारतातील एका व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वारापाशी मी पहाटे साडेपाच वाजता उभा होतो. सोबत पत्नी होती आणि थंडीने कुडकुडणारी नऊ वर्षांची नात. तीन महिने आधी काढलेल्या परवान्यावर आम्हा दोघांबरोबर मुलीचे नाव होते. कार्यालयीन कामामुळे तिला ऐनवेळी थांबावे लागले आणि तिच्याऐवजी नात आली. पैसे भरलेले आहेत, जागा तीच आहे, तेव्हा नाव बदलून मिळेल असा आमचा भाबडा समज होता.

खिडकीमागचा तरुण सभ्य होता. नाव बदलता येणार नाही, एवढेच त्याने सांगितले. मग कोण बदलू शकेल? साहेब. साहेब कोठे आहेत? त्यांचा फोन लागत नव्हता. पैसे परत मिळण्याबद्दल विचारले, तर ते संकेतस्थळाला विचारा. अखेर पत्नीला गाडीत बसवून मी नातीसह बाहेर थांबलो. गाडी दोन रिकाम्या जागा घेऊन आत गेली. तिच्या मागोमाग नावाची पाटी लावलेली एक सरकारी मोटार खिडकीपाशी न थांबताच फाटकातून पुढे सरकली. आत कोण असेल, हे मला विचारावे लागले नाही. तीस वर्षे मीही अशाच मोटारींतून फिरलो आहे.

म्हणूनच ही तक्रार लिहिण्याआधी एक कबुली द्यायला हवी. सेवेत रुजू होऊन दोन वर्षे झाली असतील. एका शनिवारी सायंकाळी मी पूर्वसूचना न देता जंगलातल्या विश्रामगृहावर पोहोचलो. दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. अर्ध्या तासात एक रिकामी झाली. रात्री जेवताना खानसाम्याने सहज सांगितले की, तेथे उतरलेले शिक्षक, त्यांची पत्नी आणि दोन मुले आता व्हरांड्यात झोपली आहेत. त्यांच्याकडे रीतसर पावती होती. मी संकोचलो, पण खोली सोडली नाही. तो व्हरांडा त्या पहाटे, चाळीस वर्षांनी, मला पुन्हा आठवला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात आश्चर्य वाटत नाही. 1864 मध्ये वनखाते स्थापन झाले ते लाकडाचे व्यवस्थापन करण्यासाठी. 1878 च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित अशी प्रतवारी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणारी माणसे एका रात्रीत परवानगीची याचक झाली. विश्रामगृहे उभी राहिली ती फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठी. शिकारीचे परवाने साहेबांच्या मर्जीने मिळत. 1936 मध्ये देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान, आजचे कॉर्बेट, जन्माला आले तेव्हा त्याला संयुक्त प्रांताच्या माजी गव्हर्नरचे, माल्कम हेली यांचे नाव देण्यात आले. बंदूक गेली, कॅमेरा आला. पण दारातली ‘मर्जी’ गेली नाही.

स्वतंत्र भारताने 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो, हे त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन हा या यादीतला केवळ एक शब्द आहे. त्या एका शब्दावर आज सफारी, तंबूनिवास आणि निसर्ग-शिबिरांचा फार मोठा व्यवसाय उभा आहे. कायद्याच्या लेखी आपण ‘परवानाधारक’ आहोत, दराच्या लेखी ‘ग्राहक’. परवानाधारकाला हक्क मागता येत नाहीत आणि ग्राहकाला मिळायला हवी ती सेवाही पदरी पडत नाही. दोन्हींतले गैरसोयीचे तेवढे आपल्या वाट्याला येते.

यावर वनाधिकारी मित्र म्हणतात की, जंगल म्हणजे करमणुकीची बाग नव्हे. त्यांचे म्हणणे योग्यच आहे. 2006 च्या गणनेत देशात अंदाजे 1,411 वाघ होते. 2022 मध्ये हा अंदाज 3,682 वर गेला. तुटपुंज्या पगारात रात्ररात्र गस्त घालणाऱ्या वनरक्षकांना त्याचे श्रेय आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही काळ गाभा क्षेत्रातील पर्यटनच थांबवले होते. त्यानंतरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. ही मर्यादा किती आवश्यक आहे, हे 2024 मावळताना महाराष्ट्रातल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याने दाखवून दिले. तेथे पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तेव्हा माझी मागणी गाड्या वाढवण्याची नाही. जी गोष्ट मर्यादित आहे, तिचे वाटप अधिक काटेकोर आणि अधिक उघड असले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. टंचाईच्या काळात शिधापत्रिका आपण याच तत्त्वावर दिली. रेल्वेचेच पाहा. तिच्याविषयी आपण कितीही कुरकुर केली तरी प्रतीक्षायादीतला आपला क्रमांक कळतो, तिकीट रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील याचे कोष्टक असते आणि जागा रिकामी राहिली तर ती पुढच्याला मिळते. जे करोडो प्रवाशांसाठी जमते, ते दिवसाला काही डझन गाड्या सोडणाऱ्या प्रवेशद्वाराला अशक्य का असावे?

उपाय फार खर्चाचे नाहीत. संपूर्ण गाडीऐवजी एकेक जागा आरक्षित करण्याची सोय सर्वत्र असावी. एकट्या निवृत्त शिक्षकाने काही हजार रुपये मोजावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. नाव बदलणे आणि परतावा यांचे नियम पावतीवरच छापावेत आणि प्रवेशद्वारावर ते अमलात आणण्याचा अधिकार असलेला एक कर्मचारी पहाटे हजर असावा. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये आणि महाराष्ट्राने 2015 मध्ये सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याचे कायदे केले. त्यांचे तत्त्व जंगलाच्या फाटकापर्यंत नेण्यास कोणाची हरकत असावी? शिवाय किती परवाने रांगेतून गेले आणि किती शिफारशीने, याचा आकडा दरमहा फलकावर लावावा. विश्रामगृहांच्या नोंदवह्यांनाही हाच नियम असावा. माझा प्रशासकीय अनुभव असा की, जे फलकावर लिहावे लागते, ते करताना हात थोडा थरथरतो.

शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेत 2015 पासून चौथीच्या मुलांना संघीय उद्यानांसाठी वर्षभराचा मोफत पास दिला जातो आणि त्यावर कुटुंबालाही आत जाता येते. आपण निदान जंगलाच्या वेशीवरील गावांपासून सुरुवात करावी. रोज रिकाम्या जाणाऱ्या जागा त्या गावांतल्या शाळांना द्याव्यात.

ही सूचना मला कोणत्या अहवालात सापडली नाही. त्या पहाटे आम्ही फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. भांडी विसळणाऱ्या, जवळपास तिच्याच वयाच्या मुलाला नातीने विचारले, “तू वाघ पाहिलास?” तो म्हणाला, “दोनदा. आमच्या शेतात.” “आणि आत?” त्याने मान हलवली. आत तो कधी गेलाच नव्हता.

वाघ त्याच्या घरच्यांची गुरे नेतो. त्याच वाघाचे रक्षण त्याने करावे, अशी आपली अपेक्षा आहे. पण तो वाघ जेथे राहतो ते दार त्याच्यासाठी कधी उघडलेले नाही. माझी नात पुढच्या वर्षी परवाना काढून जाईल. तिला पैसे आणि आजोबा दोन्ही आहेत. त्या सकाळी आमच्या गाडीतून आत गेलेल्या दोन रिकाम्या जागांपैकी एक त्या मुलाची होती, असे मला अजूनही वाटते.